कॅल्साइट तापवताना बीमवर नजर: स्फटिकाच्या विघटनाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं अभ्यास

चुनखडी, म्हणजे मुख्यतः कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट), भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरतो. पाठ्यपुस्तकात ही अभिक्रिया एका ओळीत संपते. पण स्फटिकाच्या आत ती कुठून सुरू होते, ऑक्साइडचे नवे कण कोणत्या दिशेनं मांडले जातात, वायूला बाहेर पडायला वाट कशी मिळते, हे त्या ओळीत नसतं. ते पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

अडचणही तिथंच आहे. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे टेममध्ये, कॅल्साइटचा पातळ तुकडा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत, म्हणजे बीम, एकवटला, तर हीटर बंद असतानाही तो डोळ्यांदेखत कॅल्शियम ऑक्साइड होऊ लागतो. ज्यानं पाहायचं तोच बीम विघटन घडवतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती रचल्या आहेत: पडद्यावर जे दिसलं ते उष्णतेनं झालं की बीमनं? प्रयोग संपल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याच्या उत्तराची सोय नमुना ग्रिडवर, म्हणजे तो धरणाऱ्या बारीक जाळीवर, टाकण्याआधीच करावी लागते.

उदाहरणासाठी कॅल्साइट घेतला आहे, कारण अभिक्रिया साधी आहे, विषारी काही निघत नाही आणि पडताळायला जुनी मोजमापं भरपूर आहेत. शिवाय चांगले स्फटिक आपल्याकडे सहज मिळतात. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटांच्या, म्हणजे आत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या, सोबतीनं कॅल्साइट वाढतो. जळगाव, नाशिक, पुणे परिसरातल्या खाणींतून असे नमुने निघतात. एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्यांना किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात असलेल्यांना समोर ठेवून हे लिहितो आहे.

## पायरी १: यंत्राआधी कागद आणि पेन

सूक्ष्मदर्शकाचा वेळ महाग असतो, गणिताचा नाही. तेव्हा आधी काही आकडे काढून ठेवा.

कॅल्साइटचा रेणुभार १००.०९ आणि कॅल्शियम ऑक्साइडचा ५६.०८, म्हणजे पूर्ण विघटनात वजन ४४ टक्क्यांनी घटतं. आकारमानाचा हिशेब त्याहून बोलका आहे. एक मोल कॅल्साइट सुमारे ३६.९ घन सेंटीमीटर जागा घेतो, तर एक मोल कॅल्शियम ऑक्साइड जेमतेम १६.८. बाहेरचा आकार तसाच राहिला, तर आत सुमारे ५५ टक्के पोकळी असलीच पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ आकार टिकलेला कण दिसला आणि त्यात छिद्रं दिसली नाहीत, तर एक तर विघटन पूर्ण झालेलं नाही, किंवा छिद्रं तुमच्या विभेदनक्षमतेपेक्षा लहान आहेत, किंवा कण आकसला आहे आणि तुम्ही आधीची लांबी मोजलेली नाही. हा एकच आकडा पुढे अनेकदा कामी येतो.

मग समतोलाचा दाब. कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण असेल, तर कॅल्साइट साधारण ९०० °से. पर्यंत तग धरतो. दाब १० मिलिबार असेल तर ही सीमा ६४० °से. च्या आसपास येते आणि १ मिलिबारला ५५० °से. च्या. हेच उलट बाजूनं पाहा. ४०० °से. ला समतोल दाब जेमतेम अर्धा पास्कल असतो. टेमच्या स्तंभातला दाब पास्कलच्या एक लाखांश भागाच्या घरात असतो. म्हणजे तिथं उष्मागतिकीची आडकाठी जवळपास उरतच नाही. विघटन कधी दिसेल हे फक्त वेग ठरवतो. ‘टेममध्ये कॅल्साइट अमुक तापमानाला फुटला’ या वाक्याचा भट्टीतल्या तापमानाशी थेट संबंध जोडता येत नाही, तो यामुळे. तरीही प्रबंधांतून ही गल्लत सर्रास आढळते.

## पायरी २: टीजीए आणि एक्सआरडी उरकून घ्या

ज्या भुकटीतून टेमचा नमुना घेणार, तिचीच औष्णिक भारमापन चाचणी करा, म्हणजे टीजीए. नायट्रोजनच्या प्रवाहात मिनिटाला १० अंश या वेगानं तापवलं, तर बारीक भुकटीचं विघटन साधारण ६५० ते ८०० °से. या पट्ट्यात होतं. कणाचा आकार, मुशीतल्या थराची जाडी आणि वायूचा प्रवाह यांनुसार हा पट्टा सरकतो. वजनातली घट ४४ टक्क्यांपेक्षा लक्षणीय कमी भरली, तर नमुन्यात क्वार्ट्‌झसारखं काहीतरी मिसळलेलं आहे. घट बरीच आधी सुरू झाली, तर ओलावा किंवा झिओलाइट आहे. दख्खनच्या नमुन्यांत ही दुसरी शक्यता नेहमी ध्यानात ठेवा. स्टिल्बाइट या झिओलाइटचे तुकडे कॅल्साइटला चिकटून येतात आणि तापवल्यावर पाणी सोडतात.

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा आलेख, भुकटी कुटण्याआधी आणि कुटल्यानंतर, असा दोनदा काढा. कॅल्साइट खूप वेळ दळला तर त्याचा काही भाग अरॅगोनाइटमध्ये, म्हणजे त्याच रसायनाच्या वेगळ्या रचनेच्या खनिजात, बदलतो. हे जुनं निरीक्षण आहे, पण बॉल मिल वापरणारे ते हमखास विसरतात.

## पायरी ३: नमुना

स्वच्छ, पारदर्शक स्फटिक घ्या. अगेटच्या खलात हलक्या हातानं चिरडा, घोटू नका. निर्जल इथेनॉलमध्ये ढवळा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये थोडा वेळ ठेवा, जड कण खाली बसू द्या आणि वरच्या द्रवाचा एक थेंब ग्रिडवर टाका. पाणी टाळायचं, कारण कॅल्साइट त्यात किंचित विरघळतो आणि सुकताना पृष्ठभागावर पुन्हा बसतो. मग तुम्ही पाहता तो पृष्ठभाग मूळ स्फटिकाचा नसतो.

या पद्धतीत एक छुपा पक्षपात आहे. कॅल्साइट १०४ प्रतलांवर (हे तीन आकडे स्फटिकातल्या अणूंच्या थरांची दिशा सांगतात) फार सहज दुभंगतो, त्यामुळे चिरडलेले कण बहुतेक त्याच चपट्या बाजूवर पडतात. परिणामी टेममध्ये तुम्हाला पुनःपुन्हा तेच अभिमुखन दिसत राहतं आणि इतर दिशांना काय घडतं ते कळत नाही. त्या दिशा हव्या असतील, तर एफआयबीनं, म्हणजे आयनांच्या एकवटलेल्या झोतानं, पातळ फाक कापावी लागेल. मात्र एफआयबीत गॅलियमच्या आयनांमुळे कडेला बिघडलेला थर तयार होतो आणि विघटन तिथूनच सुरू होण्याची दाट शक्यता असते. शेवटची घासाई कमी ऊर्जेच्या आयनांनी, ५ किलोव्होल्ट किंवा त्याखाली करा, आणि निष्कर्ष काढताना चिरडलेल्या कणांशी ताडून पाहा. मी स्वतः सुरुवात नेहमी चिरडलेल्या कणांवर करायला सांगतो. एफआयबी नंतर, नेमका प्रश्न हाती आल्यावर.

ग्रिडचा विचार तापमानानुसार करा. नुसतं विवर्तन, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांची ठिपक्यांची नक्षी, पाहायचं असेल, तर कार्बन पटल असलेली तांब्याची नेहमीची ग्रिड चालेल. तापवायचं असेल तर तांबं नको. वरच्या तापमानाला त्याचे अणू फिरू लागतात आणि नमुन्याशेजारी तांब्याचे कण उगवतात, ते ऑक्साइडचे कण समजून मोजले जातात. जुन्या पद्धतीच्या भट्टी-होल्डरसाठी मॉलिब्डेनमची ग्रिड घ्या. नव्या चिप-होल्डरमध्ये, जिथं छोटी चिपच नमुना तापवते, सिलिकॉन नायट्राइडचं पटल असतं, ते उत्तम. फार वर गेलात, तर पटलावरच्या सिलिकाच्या थराशी कॅल्शियम ऑक्साइडची अभिक्रिया होऊ शकते, एवढं ध्यानात असू द्या.

## पायरी ४: आधी सेम, मग टेम

टेमच्या मोहात सेम, म्हणजे पृष्ठभाग दाखवणारा क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, गाळू नका. हे काम स्वस्त असतं, लवकर होतं आणि मोठं चित्र त्यातूनच मिळतं.

एकाच स्फटिकाचे मिलिमीटरभर आकाराचे तुकडे घ्या. प्रत्येकाचा फोटो आणि वजन नोंदवा. मग भट्टीत वेगवेगळ्या वेळांसाठी तापवून बाहेर काढा आणि मधोमध फोडून आतला काप पाहा. अर्धवट विघटन झालेल्या तुकड्यात बाहेरचा भुरकट, सच्छिद्र थर आणि आतला चकचकीत गाभा यांच्यामधली सीमा स्पष्ट दिसते. वेळेनुसार ती सीमा किती आत सरकली, हे मोजलं की अभिक्रियेच्या आघाडीचा वेग हाती येतो. बाहेरून पाहिलं तर मूळ समांतरभुज आकार जसाच्या तसा, आणि जवळून पाहिलं तर तो सगळा चाळण झालेला. पायरी १ मधले ५५ टक्के इथं डोळ्यांना दिसतात.

कॅल्साइट विद्युतवाहक नाही. लेप न देता पाहायचं असेल, तर १ ते २ किलोव्होल्टवर काम करा. लेप दिलात, तर सोन्याचे कणही काही नॅनोमीटरचे असतात आणि ऑक्साइडच्या कणांशी त्यांची गल्लत होते; त्यामुळे बारीक पोतासाठी लेप नकोच.

इथली खरी कसोटी हवेची आहे. ताजा कॅल्शियम ऑक्साइड प्रचंड पृष्ठभागाचा आणि हावरा असतो. दमट हवेत तो पाणी ओढून कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो आणि पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत कार्बोनेट. मुंबईच्या पावसाळ्यात हे फार झपाट्यानं घडतं. तुकडे कोरड्या वायूत थंड करा, लगेच कुपीत बंद करा, शक्य असेल तर ग्लोव्ह बॉक्समधून न्या. ‘नंतर होल्डरमध्ये तापवलं की पाणी जाईल’ हा युक्तिवाद टिकत नाही. पाणी जाईल, पण उरेल तो हायड्रॉक्साइडपासून नव्यानं बनलेला ऑक्साइड. त्याचा पोत मूळ विघटनाबद्दल काहीही सांगत नाही.

## पायरी ५: बीमचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

बीमची मात्रा, म्हणजे डोस, प्रति चौरस अँगस्ट्रॉम किती इलेक्ट्रॉन गेले यात मोजतात (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा आंधळेपणानं घेऊ नका. फॅरडे कप (बीमचे सगळे इलेक्ट्रॉन पकडणारी वाटी) असलेल्या होल्डरनं प्रवाह मोजा किंवा फ्लुरोसंट पडद्याच्या प्रवाहाचं अंशांकन करून घ्या. पुढचं गणित सोपं आहे. १ नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. ते १ मायक्रोमीटर व्यासाच्या वर्तुळावर पसरले, तर दर चौरस अँगस्ट्रॉमला सेकंदाला सुमारे ८० इलेक्ट्रॉन पडतात. प्रवाह १०० पिकोअँपिअरवर आणला आणि व्यास २ मायक्रोमीटर केला, तर हाच दर सेकंदाला २ होतो आणि मिनिटभरात १२० इलेक्ट्रॉन. जालकाची, म्हणजे अणूंच्या रांगांची, प्रतिमा घेताना सहज काही हजार इलेक्ट्रॉन लागतात, यावरून फरक लक्षात येईल.

किती किलोव्होल्ट वापरायचे, यावर बरीच वादावादी होते. ‘व्होल्टेज कमी म्हणजे नुकसान कमी’ हा समज ग्रॅफिनसारख्या पदार्थांसाठी ठीक आहे; तिथं इलेक्ट्रॉनच्या थेट धक्क्यानं अणू उडतो. २०० किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या अणूला जास्तीत जास्त सुमारे ३३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि कॅल्शियमला १३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देऊ शकतो. म्हणजे कॅल्साइटमध्येही धक्क्याचा हिस्सा असतोच. पण कार्बोनेटचं मुख्य नुकसान आयनीभवनामुळे, बंध तुटल्यामुळे होतं, आणि ते व्होल्टेज वाढवल्यावर दर इलेक्ट्रॉनमागे घटतं. म्हणून २०० किंवा ३०० किलोव्होल्टपासून सुरुवात करा आणि ८० वर तुलना करून पाहा. दोन व्होल्टेजांवरचा फरक हाच नुकसानाच्या यंत्रणेचा पुरावा ठरतो.

आता बीमची चाचणी, खोलीच्या तापमानाला. एक पातळ कण निवडा, दर स्थिर ठेवा आणि ठराविक अंतरानं विवर्तन चित्रं घेत राहा. कॅल्साइटच्या ठिपक्यांची तीव्रता एकूण मात्रेनुसार कशी उतरते, त्याचा आलेख काढा. तीव्रता सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर येते ती मात्रा तुमच्या नमुन्याची, तुमच्या यंत्रावरची मर्यादा समजा. तापवण्याच्या प्रयोगात एका कणावर तिच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त खर्च करू नका. कण वाकला किंवा किंचित कलला तरी ठिपका मंद होतो, त्यामुळे एका ठिपक्यावर विसंबू नका. बरेच ठिपके आणि अनेक कण घ्या. शिवाय तीच एकूण मात्रा एकदा मंद दरानं आणि एकदा जलद दरानं देऊन पाहा. परिणाम वेगळा आला, तर मात्रेबरोबर दरही नोंदणं भाग आहे.

मग कणांची विभागणी करा. पहिला गट सतत पाहायचा. दुसऱ्याचं एक चित्र तापवण्याआधी आणि एक नंतर. तिसऱ्या गटाकडे शेवटपर्यंत ढुंकूनही पाहायचं नाही. त्याची जागा फक्त कमी वर्धनाच्या नकाशावर टिपून ठेवायची. चौथा गट वेगळ्या चिपवर, फक्त बीमखाली, न तापवता. पहिल्या आणि तिसऱ्या गटाचा शेवट सारखा दिसला, तर तुमचं निरीक्षण उष्णतेचं आहे. वेगळा दिसला, तर पहिल्या गटाचा सुंदर व्हिडिओ कितीही आवडला तरी तो औष्णिक विघटनाचा पुरावा म्हणून दाखवू नका.

## पायरी ६: तापवणं

चिप-होल्डर कणांना क्षणार्धात तापवतो आणि त्याचं सरकणं जुन्या भट्टी-होल्डरपेक्षा कितीतरी कमी असतं. तरी पटलाच्या मध्यात आणि कडेला तापमान सारखं नसतं, तेव्हा कण मध्याजवळचे निवडा. जाड कणांचा पटलाशी संपर्क धड नसेल, तर ते मागे राहतात. बसवण्याआधी चिप प्लाझ्मानं साफ करा, पण नमुना टाकण्यापूर्वी.

निर्वातात सुरुवात ३०० °से. पासून, ५० अंशांच्या टप्प्यांनी. प्रत्येक टप्प्यावर बीम बंद ठेवून काही मिनिटं थांबा, मग एक विवर्तन चित्र आणि कमी वर्धनावर एक प्रतिमा, पुन्हा बीम बंद. पहिला बदल दिसला की नवी चिप घ्या आणि त्याच पट्ट्यात १० अंशांच्या टप्प्यांनी जा. सतत रेकॉर्डिंग करण्याचा मोह आवरा.

दिसतं काय? आधी एकसंध असलेल्या कणात ठिपकेदार, खडबडीत कॉन्ट्रास्ट येतो. काही नॅनोमीटरची छिद्रं उघडतात. कणाची बाह्यरेखा मात्र फारशी हलत नाही. विवर्तनात कॅल्साइटचे टोकदार ठिपके मंदावतात आणि नव्या जागी छोटे कमानीसारखे तुकडे उमटतात. पूर्ण वर्तुळं आली असती, तर ऑक्साइडचे कण वाटेल त्या दिशांना आहेत असं म्हणता आलं असतं. कमानी सांगतात की नवे कण जुन्या स्फटिकाच्या चौकटीला धरून वाढले आहेत. स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठातले कार्लोस रॉड्रिगेझ-नवारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे नातं तपशिलानं मांडलं: कॅल्साइटच्या १०४ कुळातल्या प्रतलांना ऑक्साइडची ११० कुळातली प्रतलं समांतर, सुरुवातीचे ऑक्साइड कण सुमारे ५ नॅनोमीटरचे, आणि पुढे हे कण एकाच दिशेत जुळत, चिकटत मोठे होत जातात. तुमच्या चित्रांत हेच नातं सापडतं का, ही पहिली पडताळणी.

कण मोठे होणं म्हणजे सिंटरिंग, आणि ते विघटनाच्या पाठोपाठ लगेच सुरू होतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ त्याला आणखी वेग देतात. म्हणून ‘तयार झालेल्या कणांचा आकार’ म्हणून जो आकडा द्याल, तो अगदी सुरुवातीच्या चित्रांतूनच घ्या. तासाभरानं मोजलेला आकार विघटनाचा नसतो, सिंटरिंगचा असतो.

## पायरी ७: उरलंय काय, हे ओळखणं

कॅमेऱ्याची लांबी (विवर्तन चित्राचं माप ठरवणारा आकडा) सोन्याच्या पटलानं अंशांकित करा. सोन्याच्या १११ प्रतलांमधलं अंतर २.३५५ अँगस्ट्रॉम आणि ऑक्साइडचं २०० अंतर २.४०५, फरक जेमतेम २ टक्क्यांचा. अंशांकन याहून ढिलं असेल, तर पुढची यादी निरुपयोगी आहे.

कॅल्साइट: ३.८६ (०१२), ३.०३५ (१०४), २.४९५ (११०), २.२८५ (११३)
कॅल्शियम ऑक्साइड: २.७८ (१११), २.४०५ (२००), १.७० (२२०)
कॅल्शियम हायड्रॉक्साइड: ४.९ (००१), २.६३ (१०१)

सगळे आकडे अँगस्ट्रॉममध्ये. ३.०३५ गेलं आणि २.७८ व २.४०५ दोन्ही आली, तर खात्रीनं बोला. एकट्या २.४ च्या जोरावर ऑक्साइड जाहीर करू नका. कॅल्साइटचं ११० शेजारीच आहे. ४.९ दिसलं, तर नमुन्याला कुठंतरी ओल लागली आहे.

रासायनिक पुराव्यासाठी ईडीएसवर, म्हणजे नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखण्याच्या पद्धतीवर, फार भिस्त ठेवू नका. कार्बन आणि ऑक्सिजनचे क्ष-किरण हलके, नमुन्यातच शोषले जातात, त्यात पटलाचा कार्बन मिसळतो. ईल्स, म्हणजे नमुन्यातून जाताना इलेक्ट्रॉनांनी गमावलेली ऊर्जा मोजणं, अधिक कामाचं आहे. त्या ऊर्जेच्या आलेखात, कार्बनच्या के-कडेत, कार्बोनेटचं टोकदार शिखर २९० इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ येतं. साचलेल्या घाणीतल्या किंवा पटलातल्या कार्बनचं २८५ जवळ. दोन्ही स्वच्छ वेगळी दिसतात. विघटन पुढे सरकतं तसं २९० चं शिखर खचतं, तर ३४६ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळची कॅल्शियमची कड जागेवर राहते. तिच्याशी गुणोत्तर काढलं की जाडीचा परिणाम बराचसा जातो. ईल्सला मात्रा जास्त लागते. म्हणून ते सगळ्यात शेवटी, आणि ज्या कणावर पुढे काही करायचं नाही अशाच कणावर.

## पायरी ८: वेग मोजायचा असेल तर

सतत पाहिलेल्या कणांवरून औष्णिक वेग काढायचा एक मार्ग आहे. तापमान तेच ठेवून तीन-चार वेगवेगळ्या मात्रा-दरांवर आघाडीचा वेग मोजा, आलेख काढा आणि रेषा शून्य दरापर्यंत मागे न्या. शून्यावर जो वेग मिळतो तो निव्वळ उष्णतेचा. हे किमान तीन तापमानांना केलं, तर सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला ओलांडावी लागणारी ऊर्जा, निघते. पडताळणीसाठी दोन आकडे जवळ ठेवा. अभिक्रियेची एन्थाल्पी, म्हणजे ती शोषून घेते ती उष्णता, सुमारे १७८ किलोज्यूल प्रति मोल आहे, आणि बेरुटो व सर्सी यांनी १९७४ मध्ये निर्वातात कॅल्साइटच्या एकेरी स्फटिकांवर मोजलेली सक्रियण ऊर्जा सुमारे २०५. तुमचं उत्तर ७०–८० आलं, तर बीमनं ढवळाढवळ केली आहे असं धरून चाला. खूपच मोठं आलं, तर साचलेला कार्बन डायऑक्साइड किंवा तापमानाची चूक शोधा.

चित्रांची सरक काढायला आणि तीव्रता मोजायला फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

भट्टीच्या जवळ जायचं असेल, तर वायू लागतोच. पर्यावरणीय टेममध्ये साधारण १० ते २० मिलिबारपर्यंत वायू सोडता येतो. बंद कोशाच्या होल्डरमध्ये एक वातावरणापर्यंत, पण दोन खिडक्यांमुळे प्रतिमेची धार कमी होते. पायरी १ मधला समतोल इथं थेट तपासता येतो: १० मिलिबार कार्बन डायऑक्साइडमध्ये ६४० °से. च्या खाली, बीम बंद असताना, काहीच घडायला नको. घडलं तर आधी तापमानाच्या अंशांकनावर संशय घ्या, कारण वायू चिपला थंड करतो आणि निर्वातातलं अंशांकन तसंच चालत नाही. मग बीमवर, कारण आयनीभूत झालेला वायू स्वतःच अभिक्रिया करतो.

## पदार्थ बदलला तर

ब्रुसाइट, म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, हा कॅल्साइटनंतरचा स्वाभाविक पुढचा टप्पा. त्याचे षटकोनी पत्रे पाणी सोडून मॅग्नेशियम ऑक्साइड होतात, आणि ब्रुसाइटच्या पायथ्याच्या प्रतलाला ऑक्साइडची १११ प्रतलं समांतर येतात. बीमला तो कॅल्साइटहून हळवा, तेव्हा पायरी ५ नव्यानं करावी लागेल. जिप्समचं दुखणं वेगळं: निर्वातात ठेवल्यावरच पाणी सोडू लागतं. तिथं नमुना गोठवून आत न्यावा लागतो. सौर घटांतल्या मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचं विघटन लेड आयोडाइडपाशी थांबल्यासारखं दिसतं. त्या पदार्थात बीमची मर्यादा इतकी खाली आहे की जालकाच्या नेहमीच्या प्रतिमेचा विचार सोडूनच द्या आणि कमी मात्रेच्या विवर्तनावर काम चालवा.

## यंत्राचा वेळ आणि नोंदी

मुंबईत आयआयटीच्या सैफ केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी टेम आणि सेमची सोय आहे. देशभरातली उपकरणं शोधायला आय-स्टेम हे सरकारी पोर्टल आहे. अर्ज करताना फक्त ‘टेम’ असं लिहू नका. तापवण्याचा होल्डर आहे का, ईल्स आहे का, कमी मात्रेवर काम करता येईल का, ऑपरेटर बीमचा प्रवाह मोजून देईल का, हे आधीच विचारा. बहुतेक केंद्रांत ऑपरेटर यंत्र चालवतो आणि तुम्ही शेजारी बसता. त्याला धारदार प्रतिमा देण्याची सवय असते, म्हणून फोकस करताना तो बीम एकवटतो. फोकस शेजारच्या निरुपयोगी कणावर करायचा आणि मग बीम बंद करून आपल्या कणावर यायचं, हे त्याला सत्र सुरू होण्याआधीच स्पष्ट सांगा, शक्यतो कागदावर लिहून द्या.

प्रत्येक चित्रासोबत व्होल्टेज, मात्रेचा दर, त्या कणावरची आजवरची एकूण मात्रा, होल्डरचं तापमान, त्या तापमानावर गेलेला वेळ आणि स्तंभातला दाब नोंदवा. एकूण मात्रेत शोधाशोध आणि फोकस करताना गेलेला वेळही धरा. शोधनिबंधात पहिली आकृती तिसऱ्या गटातल्या कणाची द्या, म्हणजे जो तापताना कुणी पाहिलाच नव्हता त्याची, आणि सतत पाहिलेल्या कणाचा व्हिडिओ पूरक साहित्यात त्याच्या मात्रेच्या आकड्यासह टाका.